कडक म्हणजे नेमकं किती?

चहाच्या पत्तीतून कॅफिन काढण्याचा प्रयोग वाशिममध्ये मे महिन्यात लावू नये. त्यासाठी जो द्रावक लागतो, डायक्लोरोमीथेन, तो ४० अंश सेल्सिअसला उकळतो, आणि वऱ्हाडात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. बाटलीचं बूच फिरवलं की फस्सकन वाफ सुटते, मापायला ओतलेला द्रव मापता मापता उडून जातो. ही वाफ छातीत जाणं चांगलं नाही. अमेरिकेत तर या द्रावकाच्या बहुतेक वापरांवर २०२४ मध्ये बंदी आली. म्हणून हा प्रयोग थंडीत, खिडक्या उघड्या ठेवून किंवा फ्यूम हूडखाली करावा. तेव्हा सोयाबीन घरातून बाजारात गेलेलं असतं, हरभरा उभा असतो, आणि बी.एस्सी.च्या मुलांचे प्रॅक्टिकलचे दिवस असतात. तोच त्याचा खरा हंगाम.

प्रयोग साधा आहे. पत्ती पाण्यात उकळायची आणि त्यात धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, घालायचा. चहातल्या तुरट पदार्थांचे, ज्यांना आपण सरसकट टॅनिन म्हणतो, त्यांचे सोड्यामुळे क्षार होतात आणि ते पाण्यातच अडकून राहतात. कॅफिनला सोडा काही करत नाही. गाळलेला काळा काढा गार करून सेपरेटिंग फनेलमध्ये ओतायचा आणि त्यावर डायक्लोरोमीथेन घालायचं. हा द्रव पाण्यापेक्षा जड, म्हणून तो तळाशी बसतो. वर काळंभोर पाणी, खाली नितळ थर. आता फनेल हलवला की कॅफिन पाणी सोडून खालच्या थरात उतरतं.

इथं नवखा विद्यार्थी चुकतो. सरबताची बाटली हलवावी तसा तो फनेल जोरात हलवतो, आणि दोन थरांच्या मध्ये फेसाळ, मळकट साय धरते. ती तासभर बसत नाही. फनेल आडवा धरून हळू कलता करायचा, मधूनमधून तोटी उघडून वाफ सोडायची. तरीही साय धरलीच तर चिमूटभर मीठ टाकायचं. पाणी खारट झालं की दोन्ही थर आपापल्या जागी जाऊ लागतात.

द्रावक एकदम सगळा ओतायचा नाही, हीसुद्धा एक शिकण्याची गोष्ट आहे. खोलीच्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २ ग्रॅम कॅफिन विरघळतं, तेवढ्याच डायक्लोरोमीथेनमध्ये सुमारे १४ ग्रॅम. म्हणजे ओढ सातपट. १०० मिलिलिटर काढ्यावर ९० मिलिलिटर द्रावक एकदाच वापरला, तर हिशेबानं सुमारे १४ टक्के कॅफिन पाण्यात मागे राहतं. तोच द्रावक ३०-३० मिलिलिटर असा तीनदा वापरला तर मागे राहतं जेमतेम तीन-साडेतीन टक्के. बायका धुणं धुताना एकदाच भरपूर पाणी न घेता थोड्या थोड्या पाण्यानं तीनदा खळबळतात, त्यामागे हेच गणित आहे.

मग खालचे थर एकत्र करायचे, निर्जल सोडियम सल्फेटनं उरलंसुरलं पाणी शोषून घ्यायचं आणि द्रावक उडवायचा. बशीच्या बुडाशी हिरवट-पांढरा थर उरतो. तो जपून तापवला की कॅफिन न वितळताच वाफ होऊन वर उडतं आणि वर झाकलेल्या गार काचेवर पांढऱ्याशुभ्र सुयांच्या रूपात बसतं. सकाळ-संध्याकाळ आपण जे पितो त्यातली तरतरी अशी सुईच्या रूपात काचेवर पाहताना मुलांचे चेहरे उजळतात. मला या प्रयोगातला हा क्षण सगळ्यात प्रिय आहे.

दोनशे वर्षांपूर्वी पहिल्यांदा हे पाहणाऱ्यालाही असंच वाटलं असेल. १८१९ मध्ये जर्मनीत फ्रीडलीब फर्डिनांड रुंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाला कवी गोएथेनं कॉफीच्या बिया दिल्या आणि यात काय आहे ते शोध म्हणून सुचवलं. रुंगेनं कॅफिन वेगळं केलं. पुढे १८२७ मध्ये चहातून निघालेल्या पदार्थाला 'थेईन' असं वेगळं नाव मिळालं, आणि दोन्ही पदार्थ एकच आहेत हे कळायला आणखी दहा-अकरा वर्षं गेली. चहातलं कॅफिन 'सौम्य' आणि कॉफीतलं 'तीव्र' असं आजही लोक म्हणतात. रेणू एकच आहे. फरक असतो तो किती, आणि सोबत आणखी काय, याचा.

पण 'किती' या प्रश्नाचं उत्तर काचेवरच्या सुया देत नाहीत. पाण्यात थोडं कॅफिन मागे राहतं, सायीत अडकतं, बशीला चिकटतं, वाफेबरोबर जातं. शेवटी तराजूवर जे येतं ते नेहमी खऱ्यापेक्षा कमी. चहात कॅफिन आहे हे या प्रयोगानं सिद्ध होतं, कपात किती आहे ते कळत नाही. मापायचं असेल तर वाट वेगळी, आणि ती वाट प्रयोगशाळेत नाही, चहाच्या टपरीवरच सुरू होते.

वाशिमच्या बसस्थानकाजवळ, कारंज्याच्या चौकात, बाजार समितीच्या फाटकाबाहेर, कुठंही उभं राहा. गिऱ्हाईक म्हणतं, "दोन कट, कडक." कडक म्हणजे त्याला काय हवं असतं? गडद रंग, जिभेवर ओढून धरणारा तुरटपणा आणि डोकं जागं करणारा जोर. या तिन्ही गोष्टी एकाच पदार्थातून येतात अशी आपली पक्की समजूत आहे. तसं नाही. रंग येतो थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन या रंगद्रव्यांतून, जी पत्ती कारखान्यात आंबवताना तयार होतात. तुरटपणा येतो पॉलिफिनॉलमधून. कॅफिनला रंग नाही, वास नाही. थोडा कडवटपणा तेवढा आहे. त्यामुळे नुसतं रंगाकडे पाहून कॅफिनचा अंदाज करणं म्हणजे बैलाच्या झुलीवरून त्याची ताकद सांगणं.

आणि टपरीवर रंग वाढवायचे मार्ग पुष्कळ. गंज चुलीवरून उतरतच नाही, चोथा तसाच ठेवून त्यावर नवं पाणी, नवं दूध, मूठभर नवी पत्ती. चहा तासातासानं काळवंडत जातो आणि लोक म्हणतात, आता याच्यात दम आला. पत्तीतलं कॅफिन मात्र कधीच बाहेर आलेलं असतं. आपली पत्ती बहुतेक सीटीसी असते, म्हणजे यंत्राच्या दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळून दाणेदार केलेली. १९३० च्या दशकात आसाममध्ये निघालेली ही पद्धत आता भारतीय चहाची ओळखच झाली आहे. दाणा बारीक आणि फाटलेला असल्यामुळे त्यातलं कॅफिन आधणात फार लवकर उतरतं, पहिल्या काही मिनिटांतच बहुतेक सगळं. पुढे कितीही उकळा, पत्तीत जे नाही ते येणार कुठून? जुन्या चोथ्यावर उकळलेल्या चहातलं कॅफिन मुख्यतः त्या मूठभर नव्या पत्तीचं असतं.

उलट, उकळून कॅफिन 'जळून जातं' असंही काही जण सांगतात. तेही खरं नाही. ते उडायला सुमारे १७८ अंश लागतात, आणि गंजातला चहा शंभराच्या आसपासच राहतो. उकळताना उडतं ते पाणी. म्हणून एकूण कॅफिन तेवढंच राहून चहा आटतो आणि प्रत्येक घोटातलं प्रमाण वाढतं. कडक चहात कॅफिन जास्त निघालं तर त्याचं एक कारण हे आटणं, आणि दुसरं, सरळ, जास्त टाकलेली पत्ती.

इथे एक आकडा नेहमी चुकीच्या जागी वापरला जातो. उकळत्या १०० मिलिलिटर पाण्यात ६६ ग्रॅमच्या आसपास कॅफिन विरघळतं, गार पाण्यात फक्त २ ग्रॅम. म्हणून, असं सांगतात, गार पाण्यात चहातलं कॅफिन उतरत नाही. हिशेब करून बघा. दोन ग्रॅम पत्तीत तीन टक्के धरलं तर कॅफिन ६० मिलिग्रॅम, आणि ते विरघळवायची गार पाण्याचीही ताकद त्याच्या तीसपट आहे. गरम पाण्याचं काम वेगळं आहे. पत्तीच्या आतून बाहेर यायचा वेग ते वाढवतं. गार पाण्यात रात्रभर भिजवलेल्या पत्तीतूनही कॅफिन निघतंच, फक्त सावकाश.

हा वेग मोजण्याचं मोठं काम लंडनच्या इंपीरियल कॉलेजात मायकेल स्पायरो यांनी केलं. पत्ती, पाणी, तापमान बदलत त्यांनी कॅफिन किती वेगानं उतरतं हे समीकरणांत बांधलं. त्याच संशोधकानं एका सहकाऱ्याबरोबर १९९३ मध्ये कोऱ्या चहावर तरंगणाऱ्या तेलकट दिसणाऱ्या पापुद्र्याचा छडा लावला. तो पापुद्रा तेलाचा नसतो. पाण्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट चहातल्या पदार्थांशी मिळून तो तयार होतो. वाशिमच्या माणसानं हे वाचताना मान डोलवावी, कारण आपल्याकडे बोअरचं पाणी जड. काळ्या खडकातून झिरपलेलं, कॅल्शियम घेऊन आलेलं. त्या पाण्याचा कोरा चहा ठेवा, पाच मिनिटांत वर साय येते. अशा पाण्यात चहाचा रंग आणि चव दोन्ही मंदावतात. माणसं मग पत्ती वाढवतात, आणि पत्तीबरोबर कॅफिनही वाढतं. म्हणजे पाणी कुठल्या विहिरीचं हे नमुन्याच्या वहीत लिहायला हवं.

आता खरी अडचण. जगात चहाच्या कपातल्या कॅफिनचे जे आकडे फिरतात, ते बहुतेक कोऱ्या चहाचे असतात, पानांवर गरम पाणी ओतून काही मिनिटं मुरवलेल्या चहाचे. चव तपासण्यासाठी चहा कसा तयार करावा याचं एक आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ ३१०३. दर १०० मिलिलिटरला २ ग्रॅम पत्ती, चिनी मातीचं भांडं, उकळतं पाणी, सहा मिनिटं. आपल्या घरात असा चहा कोण करतं? आपण आधण ठेवतो, त्यात साखर, पत्ती, आलं टाकतो, दूध घालतो, वर येऊ देतो, खाली बसवतो, पुन्हा वर येऊ देतो. गेल्या शतकात चहा कंपन्यांनी रेल्वे स्थानकांवर फलक लावून, गाडे उभे करून भारतीयांना चहा शिकवला, तेव्हा त्यांचा आग्रह मुरवलेल्या चहाचा होता. लोकांनी चहा घेतला आणि रीत आपली ठेवली. त्यामुळे आपल्या चहाचा आकडा आपल्यालाच काढावा लागेल. परक्या कपाचा आकडा आपल्या कटला लावणं ही मला या विषयातली सगळ्यात मोठी चूक वाटते.

आणि दूध आलं की प्रयोगशाळेचं काम दुप्पट वाढतं. कोरा चहा गाळून, पातळ करून यंत्रात घालता येतो. दुधाच्या चहात केसिन आहे, चरबी आहे, साखर आहे. केसिन पॉलिफिनॉलना घट्ट धरून ठेवतं. सगळा ऐवज ढगाळ. तसाच यंत्रात सोडला तर आतला बारीक स्तंभ तुंबून जाईल. म्हणून आधी प्रथिनं खाली बसवावी लागतात. त्यासाठी कॅरेझ द्रावणं वापरतात, एक पोटॅशियम फेरोसायनाइडचं आणि एक झिंक ॲसिटेटचं. दोन्ही एकामागून एक घातली की दुधाचं सगळं दाटलेपण गोळा होऊन तळाला जातं आणि वर पारदर्शक, पिवळसर पाणी उरतं. पनीर फाडल्यासारखंच दिसतं. ते गाळून घ्यायचं.

मोजायचा सोपा मार्ग म्हणजे यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर. कॅफिन २७३ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषतं. लिटरला १० मिलिग्रॅम कॅफिन असलेलं द्रावण एक सेंटिमीटरच्या नळीत घेतलं, तर शोषणाचा आकडा ०.५ च्या जवळपास येतो. म्हणजे चहा चांगला पंचवीस-तीसपट पातळ करावा लागतो. पण गॅलिक ॲसिड आणि कॅटेचिन याच पट्ट्यात प्रकाश शोषतात. गाळलेला चहा थेट यंत्राखाली ठेवला तर तिघांचा मिळून आकडा येतो आणि कपात आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त कॅफिन दिसतं. म्हणून आधी सेपरेटिंग फनेलनं कॅफिन वेगळं काढायचं, मग प्रकाशात मोजायचं. सुरुवातीचा तो प्रयोग इथे पुन्हा उपयोगी पडतो.

जास्त भरवशाचा मार्ग एचपीएलसीचा, म्हणजे उच्च-क्षमता द्रव क्रोमॅटोग्राफीचा. पत्तीतलं कॅफिन मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १०७२७, यावरच आधारलेलं आहे. पत्ती मॅग्नेशियम ऑक्साइडबरोबर पाण्यात उकळायची, गाळायची आणि यंत्रात सोडायची. आतल्या बारीक स्तंभातून सगळे पदार्थ एकाच वेळी निघतात, पण पोचतात वेगवेगळ्या वेळी. पंढरीच्या वाटेवर दिंडीतली माणसं एकाच वेशीतून निघाली तरी कुणी विसाव्याला थांबतं, कुणी थेट चालत राहतं, तसं. कॅफिन आपल्या ठरलेल्या मिनिटाला बाहेर येतं आणि पडद्यावर एक शिखर उमटतं. त्या शिखराचं क्षेत्रफळ म्हणजे कॅफिनचं माप, अट एवढीच की आधी माहितीतली शुद्ध कॅफिनची द्रावणं चालवून मोजपट्टी तयार केलेली असावी. आणि दुधाच्या चहासाठी आणखी एक तपासणी न चुकता करावी. त्याच चहात मोजून थोडं शुद्ध कॅफिन मिसळायचं आणि सगळी प्रक्रिया पुन्हा करायची. मिसळलेलं जवळजवळ पूर्ण परत मिळालं तर पद्धत खरी. नाही मिळालं तर कॅफिन कुठेतरी केसिनच्या गाळात हरवतं आहे.

आकडा हवा कशासाठी? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन नको असं म्हटलं आहे आणि १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं असा अंदाज दिला आहे. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये गरोदर बायांसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. आता आपला कट घ्या. समजा टपरीवाल्यानं अर्धा लिटर पाणी, अर्धा लिटर दूध आणि १५ ग्रॅम पत्ती टाकली आणि आटून ९०० मिलिलिटर उरलं. कोरड्या पत्तीत कॅफिन २ ते ४ टक्के असतं. तीन टक्के धरलं तर सगळ्या गंजात ४५० मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिलिटरच्या कटमध्ये ३०. दोन टक्के धरलं तर २०, चार धरलं तर ४०. ३०० ची मर्यादा एका हिशेबानं साडेसात कटांत गाठली जाते आणि दुसऱ्या हिशेबानं पंधरा कटांत. एवढी मोठी फट केवळ अंदाजामुळे राहते. म्हणून मोजायचं.

ही फट कुणाच्या अंगावर येते ते मी डोळ्यांनी पाहतो. रब्बीत शेतीची वीज रात्रीची असली की हरभऱ्याला ओलित करायला शेतकरी बांधावर जागतो, सोबत थर्मास. कॅफिनचा अंगातला अर्धा भाग निघायला धडधाकट माणसाला साधारण पाच तास लागतात. पहाटे दोनला घेतलेल्या चहाचा अर्धा अंमल सकाळी सातला, अंथरुणावर पाठ टेकताना, अंगात असतोच. गरोदर बाईच्या शरीरात हाच वेळ दुपटी-तिपटीनं लांबतो. तिच्यासाठी दिवसाचे पाच कट म्हणजे सारखा चढत जाणारा हिशेब. आणि एक गोष्ट कॅफिनशी संबंध नसलेली, पण त्याच कपातली: जेवणाबरोबर चहा घेतला तर त्यातले पॉलिफिनॉल भाकरी-भाजीतलं लोह बांधून टाकतात. पोषण संस्था म्हणूनच जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा टाळायला सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांना रक्तक्षय आढळला. जेवण उरकताच कपभर चहा ही आपल्या घराघरातली सवय आहे, आणि तिच्याबद्दल आशाताईंपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांनी बोललं पाहिजे.

सरकारी तपासणीला चहा जातो तेव्हा वेगळे प्रश्न विचारले जातात. अन्नसुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो, अन्न विश्लेषकानं चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पत्तीची राख किती, पाण्यात उतरणारा अर्क किमान ३२ टक्के आहे की नाही, लोखंडाचा कीस किलोला २५० मिलिग्रॅमच्या आत आहे की नाही, हे पाहिलं जातं. वापरलेली पत्ती वाळवून, रंगवून पुन्हा विकली तर ती अर्काच्या कसोटीत पडते, आणि तिच्यातलं कॅफिनही आधीच निघून गेलेलं असतं. पण हे सगळं पत्तीचं झालं. तुमच्या हातातल्या कपाचं काय, हे कुणी विचारत नाही. ते एखाद्या महाविद्यालयानं विचारावं असं मला मनापासून वाटतं. वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, मालेगाव, सहा तालुके, प्रत्येकातून दहा-बारा टपऱ्या आणि तेवढीच घरं. एचपीएलसीचं यंत्र नसेल तिथं सेपरेटिंग फनेल आणि यूव्ही, असेल तिथं एचपीएलसी. तृतीय वर्षाच्या मुलांना हे काम सहज झेपेल.

फक्त नमुना नीट घ्यायचा. गाळणीतून ओतला जाताना घ्यायचा, कारण गार झालेल्या कोऱ्या चहात कॅफिन आणि थिआफ्लेविन मिळून गढूळ साका धरतात आणि बाटलीच्या तळाचा नमुना वरच्यासारखा राहत नाही. बाटलीच्या चिठ्ठीवर लिहायचं: तारीख, वेळ, गाव, पाणी बोअरचं की नळाचं, पत्ती किती ग्रॅम, नवी की चोथ्यावर, दूध किती, गंज चुलीवर किती वेळ, कट किती मिलिलिटरचा. कोऱ्या पत्तीचा एक पुडा वेगळा बांधायचा. आणि जो चोथा टपरीवाला फेकायला निघालेला असतो तोही मागून घ्यायचा, तोलून दुसऱ्या बाटलीत भरायचा. गंजातल्या सगळ्या चहातलं कॅफिन आणि चोथ्यात उरलेलं कॅफिन यांची बेरीज पत्तीतल्या कॅफिनशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर फनेल पुन्हा धुवायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.